लोण्याच्या मुलखातला डॉक्टर

मंडळी, दूधदुभत्यावर ज्यांचा संसार चालतो अशा लोकांच्या दारी जाऊन "लोणी कमी खा, साय काढलेले दूध प्या" असे कोणी सांगू लागला, तर त्याचे स्वागत कसे होईल? प्रश्न गमतीचा वाटेल. पण युरोपच्या उत्तर टोकाला फिनलंड नावाचा देश आहे, तेथल्या एका तरुण डॉक्टरपुढे तो १९७२ साली खरोखरीच उभा राहिला. या डॉक्टरचे नाव पेक्का पुस्का. वय अवघे सव्वीस-सत्तावीस. त्यांनी त्या प्रश्नाचे उत्तर कसे शोधले, ती हकीकत आज सांगायची आहे.

फिनलंडच्या पूर्वेला, रशियाच्या सरहद्दीला लागून, उत्तर कारेलिया नावाचा प्रांत आहे. दाट जंगल, जागोजाग सरोवरे आणि लांबलचक हिवाळा. १९७२ साली तेथे सुमारे १ लाख ८० हजार लोक राहत होते. कोणी लाकूडतोडे, कोणी चार गाई बाळगणारे लहान शेतकरी. कष्टाला वाघ अशी ही माणसे. अंगाने धडधाकट. आणि तरीही चाळिशी-पन्नाशीतले कर्ते पुरुष शेतात, रानात काम करताना छातीत कळ येऊन कोसळत. १९७० च्या सुमारास तेथल्या ३५ ते ६४ वर्षांच्या दर एक लाख पुरुषांमागे दरसाल सुमारे ६७० जण हृदयविकाराने दगावत होते. घरोघरी तरुण विधवा आणि पोरकी मुले दिसत. लोक म्हणत, नशिबाचा भोग, दुसरे काय!

हा भोग नशिबाचा नसावा, अशी शंका पहिल्याने आली ती आकडे मोजणाऱ्यांना. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातले संशोधक अँसेल कीज यांनी १९५८ साली एक मोठा अभ्यास हाती घेतला. अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि जपान अशा सात देशांतले ४० ते ५९ वयाचे १२,७६३ पुरुष त्यांनी निवडले. त्यांचे रक्त तपासले, रक्तदाब मोजला, आहार नोंदला, आणि मग वर्षानुवर्षे त्यांच्या प्रकृतीचा मागोवा घेतला. हृदयविकाराचे मृत्यू सर्वांत जास्त निघाले पूर्व फिनलंडमध्ये. सर्वांत कमी निघालेल्या ठिकाणांत ग्रीसचे क्रीट बेट होते.

आता गंमत पाहा. क्रीटचे लोकही काही कोरडे खात नव्हते. त्यांच्या जेवणात स्निग्ध पदार्थ भरपूर होते. पण ते होते ऑलिव्हचे तेल, आणि त्यासोबत भाज्या, कडधान्ये, फळे. फिनलंडच्या ताटात लोणी, साईचे दूध आणि डुकराचे चरबीयुक्त मांस. म्हणजे तेल-तूप किती खाल्ले एवढेच पाहून भागत नाही. ते कोणत्या जातीचे, हेही पाहावे लागते.

येथे कोलेस्टेरॉल हा शब्द समजून घेतला पाहिजे. तो मेणासारखा एक पदार्थ आहे. आपले यकृतच तो तयार करते आणि शरीराला त्याची गरजही असते. पण रक्तात तो प्रमाणाबाहेर वाढला, की रक्तवाहिन्यांच्या भिंतींत मुरू लागतो. शेताच्या पाटात गाळ साचतो, तसे काहीसे होते. फरक इतकाच, की पाटातला गाळ तळाशी बसतो, आणि हा भिंतीच्या आत शिरून तिला फुगवतो. पुढे एखाद्या दिवशी तो फुगवटा फुटतो, तेथे रक्ताची गुठळी धरते आणि हृदयाकडे जाणारी वाट बंद होते. लोणी, साय, मांसाची चरबी यांतल्या संपृक्त चरबीने रक्तातले कोलेस्टेरॉल वाढते. धूम्रपान आणि वाढलेला रक्तदाब यांची त्यात भर पडली, तर धोका कितीतरी पटींनी वाढतो.

आता पुन्हा कारेलियाकडे वळू. आपल्या प्रांताचे नाव अशा कारणाने जगापुढे आल्यावर तेथले लोक स्वस्थ बसले नाहीत. जानेवारी १९७१ मध्ये प्रांताचे गव्हर्नर, तेथून निवडून गेलेले संसदसदस्य आणि अनेक संस्थांचे प्रतिनिधी यांनी सरकारकडे अर्ज केला, की आमची माणसे मरताहेत, काही तरी करा. त्या अर्जातून १९७२ साली उत्तर कारेलिया प्रकल्प सुरू झाला आणि त्याची धुरा पुस्का यांच्याकडे आली. ते वैद्यक शिकले होते, तसे समाजशास्त्रही शिकले होते. हे दुसरे शिक्षण पुढे फार उपयोगी पडले.

पहिली तपासणी झाली तेव्हा चित्र असे दिसले. पुरुषांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल सरासरीने दर डेसिलिटरला २६५ मिलिग्रॅमच्या घरात. ते २०० च्या आत असावे असे आज सांगतात. निम्म्याहून अधिक पुरुष धूम्रपान करणारे. पावाला लोणी फासणारे दर दहांत जवळजवळ नऊ. स्वयंपाकात वनस्पतिजन्य तेल जवळपास नाहीच. आणि हिरवी भाजी? ती तर गुरांनी खायची!

यावर सरळ उपाय म्हणजे ज्यांची प्रकृती फारच बिघडली आहे, त्यांना हुडकून औषध द्यावे. पण पुस्का यांनी जाणले, की एवढ्याने भागणार नाही. पिकावर रोग पसरला असता चार रोगट रोपे उपटून शेत वाचत नाही. जमीन, पाणी, खत सगळ्याचाच विचार करावा लागतो. सगळ्या प्रांताचेच कोलेस्टेरॉल जास्त, तर सगळ्या प्रांताचेच ताट बदलले पाहिजे. आणि ताट बदलायचे तर स्वयंपाकघरात शिरले पाहिजे.

तेथे मार्था नावाची गृहिणींची जुनी संघटना आहे, १८९९ साली स्थापन झालेली. पुस्का यांनी या बायकांना हाताशी धरले. गावोगावी मेळावे भरू लागले. त्यांत व्याख्याने थोडी आणि चुलीवरचे प्रयोग जास्त. कारेलियाची मांसाची रस्सेदार भाजी प्रसिद्ध आहे. तीच करायची, पण मांस कमी घालून कंदमुळे वाढवायची. नवरे मिटक्या मारीत जेवले, की मग हळूच सांगायचे, हीच ती प्रकृतीला हितकर भाजी. शिवाय गावातली वजनदार माणसे शोधून शेकडो जणांना शिकवून तयार केले. दुकानदार, शिक्षक, परिचारिका, वर्तमानपत्रे, सगळे कामाला लागले. डॉक्टरचा कागद जेथे पोचत नाही, तेथे शेजारणीचा शब्द पोचतो, हे त्यांनी ओळखले होते.

पण लोण्याचा प्रश्न तसाच होता. दूध-लोण्याच्या धंद्यातून कडवा विरोध झाला, आणि तो समजण्यासारखा होता. लोकांनी लोणी सोडले, तर गाईवाल्याने खायचे काय? एकाचे आयुष्य वाढवताना दुसऱ्याची भाकर हिरावून चालेल का? येथे नुसता उपदेश कामाचा नव्हता. पुस्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोडगा शोधला. तेथल्या थंड हवेत स्ट्रॉबेरी, बेदाण्याएवढी रानफळे उत्तम येतात. १९८५ च्या सुमारास सरकारच्या मदतीने फळांची योजना सुरू झाली. शेतकऱ्यांना लागवडीला आणि विक्रीला हात दिला गेला. मोहरीच्या कुळातले एक तेलबी त्या थंडीतही पिकू लागले आणि घरचेच तेल बाजारात आले. मांसाच्या एका कारखानदाराने सॉसेजमधली चरबी कमी करून त्याजागी अळंबी घातली. पुढे तर गावागावांत पैज लागे, की कोणत्या गावाचे कोलेस्टेरॉल अधिक उतरते!

फळ काय मिळाले? १९९५ पर्यंत तेथल्या कामकरी वयातल्या पुरुषांत हृदयविकाराचे मृत्यू सुमारे ७३ टक्क्यांनी घटले. चाळीस वर्षांत ही घट ८० टक्क्यांच्याही वर गेली.

कोणी म्हणेल, शेजारच्या प्रांतांतही मृत्यू कमी झाले, मग सगळे श्रेय या प्रकल्पाला कसे? शंका रास्त आहे, आणि अभ्यासकांत तिच्यावर वाद झालेलाही आहे. १९७७ पासून हेच काम साऱ्या देशात पसरले, तंबाखूच्या जाहिराती कायद्याने बंद झाल्या, पुढे औषधेही सुधारली. तेव्हा एका प्रांताचे पुण्य निराळे मोजणे कठीण. पण एक गोष्ट हिशेबाने दिसून आली आहे. १९८२ ते १९९७ या काळात फिनलंडमध्ये जी घट झाली, तिचा अर्ध्याहून मोठा वाटा कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपान कमी झाल्याचा होता; उपचारांचा वाटा सुमारे पाव होता.

यातून आपण काय घ्यायचे? फिनलंडचे ताट निराळे, आपले निराळे. आपल्या भाकरी-पिठल्याला कोणी दोष देणार नाही. पण तंबाखूची चंची, मिसरी आणि विडी आपल्याकडे आहेच. लोणच्या-पापडांतले मीठ आहे. तळणीचे तेच ते तेल पुन्हा तापवणे आहे. आणि वर्षानुवर्षे न मोजलेला रक्तदाबही आहे. हृदयविकार हा शहरातल्या सुखवस्तूंचाच रोग, हा समज आता सोडून दिला पाहिजे.

गुरुजनांना एक सुचवावेसे वाटते. वर्गात हृदयाचे चित्र काढाल, तेव्हा ही हकीकतही मुलांना सांगा. गावात आरोग्यसेविका येईल, तेव्हा चार वडीलधाऱ्यांना घेऊन जा आणि रक्तदाब मोजून घ्या. पैसा लागत नाही. कारेलियाच्या लोकांनी जिला नशीब म्हटले होते, ती त्यांची रोजची सवय निघाली. नशिबापुढे माणसाचे चालत नाही, पण सवय घरातली चार माणसे मिळून बदलू शकतात. त्यांनी ती बदलली, आणि त्यांच्या मुलांना वडिलांचा सहवास अधिक वर्षे लाभला.