टाकलंस कुठे, ते सांग

१९९५च्या पावसाळ्यात भोसरीतल्या एका कारखान्याच्या लोखंडी जिन्यावर मी प्रोग्रामचे छापील कागद पसरून बसले होते. आम्ही बनवलेला कंट्रोलर तिथे दर दहा-अकरा दिवसांनी बंद पडायचा. पुन्हा चालू केला की पुढचे दहा दिवस सुरळीत. प्रोग्राम ‘सी’ भाषेतला आणि त्यातला संदेश वाचण्याचा भाग मी लिहिलेला.

चूक सापडायला दोन दिवस लागले. येणाऱ्या प्रत्येक संदेशासाठी मी ६४ बाइट मेमरी मागून घेत होते आणि काम झालं की परत करत होते. पण संदेश खराब निघाला तर फंक्शन मधूनच परतायचं आणि ते ६४ बाइट कायमचे अडकायचे. मोकळी मेमरी ९६ किलोबाइट, म्हणजे १,५३६ खराब संदेशांपुरती. दर दहा मिनिटांना साधारण एक खराब संदेश. हिशेब जुळला: २५६ तास, म्हणजे दहा दिवस आणि सोळा तास.

मी घाईने दुरुस्ती केली. संदेश खराब आहे हे कळताच मेमरी सोडून दिली. दुसऱ्या दिवशी लॉगमध्ये भलतीच अक्षरं उमटली, कारण पुढच्याच ओळीत मी तो सोडून दिलेला संदेश लॉगमध्ये उतरवत होते. आमच्या वरिष्ठांनी कागद पाहिला आणि म्हणाले, “अगं, घेतलंस कुठे ते सगळेच सांगतात. टाकलंस कुठे, ते सांग.” तेव्हापासून प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर मी एक ओळ लिहू लागले: ही मेमरी कोण सोडणार.

पुढे वाचत गेले तेव्हा कळलं की हा प्रश्न माझ्या जन्माआधीपासून चालत आलेला आहे. १९५०च्या दशकाच्या शेवटी एमआयटीत जॉन मॅकार्थी ‘लिस्प’ ही भाषा घडवत होते, आयबीएम ७०४ या संगणकावर. वापरून झालेल्या याद्या प्रोग्रामरने स्वतः पुसाव्यात, ही कल्पना त्यांना ओबडधोबड वाटली. प्रत्येक वस्तूकडे कितीजण बोट दाखवतात ते मोजत राहावं, हा दुसरा मार्ग. पण ७०४च्या ३६ बिटांच्या शब्दात सहाच बिट शिल्लक होते, तेही एकत्र नाहीत. मग त्यांनी तिसरी वाट काढली. पुसायचंच नाही. मेमरी संपत आली की काम थांबवायचं, जिथवर अजून पोचता येतं त्या वस्तूंवर खूण करायची आणि उरलेलं सगळं गोळा करायचं. घंटागाडी येईपर्यंत कचरा दारात साचू द्यावा तसं. या कामालाच पुढे गार्बेज कलेक्शन म्हणू लागले. मोजण्याची पद्धत जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० सालीच प्रसिद्ध केली.

मॅकार्थींचा लेखही १९६०चाच. सगळं आपोआप होतं म्हणून ही पद्धत प्रोग्रामरला सोयीची, असं त्यांनी त्यात लिहिलं आहे, आणि तिला काही सेकंद लागतात हेही तिथेच स्पष्ट सांगितलं आहे. माझी नजर त्या सेकंदांवर खिळली. गणित सोडवणाऱ्या प्रोग्रामला काही सेकंद थांबणं परवडतं. फिरत्या यंत्रावर नजर ठेवणाऱ्याला ते परवडत नाही.

हा भार ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७०च्या दशकात केंब्रिजमध्ये अनुभवला. पीएचडीसाठी त्यांनी ‘सिम्युला’ भाषेत एक सिम्युलेटर लिहिला होता. भाषा त्यांना मनापासून आवडली, पण मोजमाप केलं तेव्हा ८० टक्क्यांहून जास्त वेळ गार्बेज कलेक्टरच खात होता. आणि त्यांच्या प्रोग्राममध्ये कचरा मुळी होतच नव्हता. कोणती वस्तू कधी परत करायची हे त्यांनी स्वतःच बांधून घेतलेलं होतं. अखेर तो प्रोग्राम त्यांना ‘बीसीपीएल’मध्ये नव्याने लिहावा लागला. १९७९मध्ये बेल लॅब्जमध्ये त्यांनी जी भाषा सुरू केली ती पुढे ‘सी प्लस प्लस’ झाली. तिच्यात वस्तू जन्मते त्या जागीच तिच्या शेवटाची सोय लिहिलेली असते. तिची हद्द संपली की मेमरी तिथल्या तिथे परत जाते. वस्तू आवरण्यासाठी वेगळी फेरी काढावी लागत नाही.

मी मात्र शिकले ती ‘सी’. डेनिस रिची यांची ही भाषा, जिच्यात १९७३ साली युनिक्सचा गाभा नव्याने लिहिला गेला. मेमरी मागणं आणि सोडणं भाषेच्या व्याकरणात नाही, लायब्ररीत आहे. कर्निगन आणि रिची यांच्या पुस्तकाच्या आठव्या प्रकरणात मेमरी वाटून देणारा एक छोटा प्रोग्राम आहे. तो मी वहीत हाताने उतरवून काढला होता. ‘सी’ विश्वास टाकते, पण कुणी विश्वास मोडला तर सांगत नाही.

भोसरीनंतर आम्ही आणखी सावध झालो. चालू असताना मेमरी मागायचीच नाही. यंत्र सुरू होतानाच संदेशांसाठी सोळा खण आखून ठेवायचे. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या जेरार्ड होल्झमन यांनी २००६ साली सुरक्षित कोडचे दहा नियम मांडले. त्यातला एक हाच होता. किंमत उघड आहे: सतरावा संदेश आला तर त्याला जागा नाही.

गार्बेज कलेक्टरला मी कधी वाईट म्हणणार नाही. जगातलं कितीतरी सॉफ्टवेअर आज त्याच्यावर चालतं आणि माझ्या त्या दोन्ही चुका त्याने असंख्य लोकांच्या वाटेतून काढून टाकल्या. पण जिथे तो चालत नाही, तिथे ‘कोण सोडणार’ याचं उत्तर माझ्यासारखीच्या एका ओळीवर उभं होतं. ती ओळ खरी आहे का, हे कुणी तपासत नव्हतं.

तपासणारा आला तो ‘रस्ट’मुळे. बीज आधीचं होतं. १९९०च्या दशकात मॅड्स टॉफ्टे आणि जाँ-पिएर ताल्पँ यांनी वस्तूंच्या आयुष्याच्या हद्दी कंपायलरनेच शोधाव्यात, हे मांडलं होतं. ‘सायक्लोन’ या भाषेने ते ‘सी’च्या जवळ आणलं. २००६मध्ये व्हँकुव्हरला ग्रेडन होअर यांच्या इमारतीची लिफ्ट सॉफ्टवेअर कोसळल्याने बंद पडली. ते एकविसाव्या मजल्यावर राहत होते. नव्या भाषेचं काम त्यांनी तेव्हा घरीच सुरू केलं. सुरुवातीच्या ‘रस्ट’मध्ये गार्बेज कलेक्टरच्या ताब्यातले पॉइंटर होते. १५ मे २०१५ला पहिली स्थिर आवृत्ती आली, तोवर ते काढून टाकलेले होते.

आईच्या पातेल्यांवर नाव घातलेलं असायचं. मुंजीला पातेली शेजारी जायची, पण ती कुणाची आणि कुठे परत यायची याचा घोळ कधी झाला नाही. ‘रस्ट’चा नियम हाच आहे. प्रत्येक वस्तूला एकच मालक. बाकीच्यांनी ती उसनी घ्यावी. मालकाची हद्द संपली की मेमरी परत, आणि उसनवारी मालकीपेक्षा जास्त टिकत नाही. हे सगळं प्रोग्राम चालण्याआधी तपासलं जातं. वस्तू मोजणीच्या पॉइंटरनी एकमेकींना गोलाकार धरून बसल्या तर इथेही मेमरी अडकते. पण भोसरीच्या चुका तशा नव्हत्या. डिसेंबर २०२२मध्ये आलेल्या लिनक्स ६.१ने ‘रस्ट’ला गाभ्यात पहिली जागा दिली.

गेल्या वर्षी मी ते जुनं फंक्शन ‘रस्ट’मध्ये लिहून पाहिलं. पहिल्या चुकीला जागाच उरली नाही, फंक्शन मधून परतलं तरी मेमरी सुटते. मग दुसरी मुद्दाम केली: संदेश आधी सोडून दिला आणि पुढच्या ओळीत लॉगमध्ये उतरवला. सोडण्याच्या त्या फंक्शनचं नावच ड्रॉप, म्हणजे टाकणं. कंपायलरने प्रोग्राम बांधायला नकार दिला आणि तीन ओळींवर बोट ठेवलं: संदेश घेतला ती, टाकला ती आणि नंतर वापरला ती.

मधल्या ओळीकडे मी बराच वेळ पाहत राहिले. तीस वर्षं मी जे हाताने लिहून ठेवत आले होते, ते आता भाषा स्वतः विचारत होती.