जामखेड कीं जामखेर?

गिरगांवकराला इंग्रजी कागदावरचें ‘गिरगाउम’ खटकत नाहीं. परळचा रहिवासीहि ‘परेल’ पाहून परळच म्हणतो. गांव ओळखीचें असलें म्हणजे अक्षरांचा दोष मनांतल्या मनांत दुरुस्त होतो. उल्कापाषाणांच्या नांवांना मात्र ही सोय नसते.

आकाशांतून पडलेल्या दगडाला तो ज्यास सांपडला त्याचें नांव देत नाहींत. जवळच्या गांवाचें देतात. त्यामुळें जुन्या मुंबई इलाख्यांतील कांहीं खेडीं परदेशी संग्रहालयांच्या याद्यांत जाऊन बसलीं आहेत. 5 ऑक्टोबर 1866 रोजीं पडलेला एक पाषाण तेथें ‘जामखेर’ म्हणून नोंदलेला आहे. हें स्थळ कोणतें? अहमदनगर, म्हणजे सांप्रतच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील जामखेडच तें! शब्दाच्या अखेरचा आपला ‘ड’ इंग्रजी कानाला ‘र’सारखा भासे. धुळ्याचा 1877 मधील पाषाण ‘धुलिया’ झाला, तो ओळखूं तरी येतो. वांई तालुक्यांत 4 नोव्हेंबर 1879 रोजीं पडलेला पाषाण मात्र जुन्या यादींत ‘कलुम्बी’ आहे. त्या काळचे इंग्रज आपल्या ‘अ’साठीं पुष्कळदां ‘यू’ हें अक्षर घालीत. हें ध्यानांत घेतलें म्हणजे ‘कलंबी’ हाताशीं येतें. तींतला ‘ल’ मुळांत ‘ल’ कीं ‘ळ’, हें रोमन लिपी कधींच सांगणार नाहीं.

हा खटाटोप निव्वळ शब्दांचा नव्हे. 1798 च्या डिसेंबरांत काशीजवळ पडलेला पाषाण एडवर्ड हॉवर्ड या रसायनज्ञानें इंग्लंड, इटली व बोहेमिया येथील पाषाणांशीं ताडून पाहिला व 1802 मध्यें त्या सर्वांतील लोखंडांत निकेल असल्याचें दाखविलें. दूरदूरच्या देशांतील दगड एकाच घडणीचे निघाले, म्हणूनच ते आकाशांतून येतात या मतास बळ आलें. दगड कोठला, हेंच विसरलें असतें तर पुराव्यांतला जीवच गेला असता.

बिहारांतील शेरघाटीचें दैव तर विलक्षण! तेथें 25 ऑगस्ट 1865 रोजीं पडलेल्या पाषाणाच्या ‘शेरगॉटी’ या नांवावरून त्या जातीच्या सर्व पाषाणांस ‘शेरगॉटाइट’ म्हणतात, आणि ते मंगळावरून आलेले आहेत. मंगळाच्या दगडांना बिहारी गांवाचें नांव, आणि तेंहि मोडकें!

नागपूर जिल्ह्यांतील काटोलास 22 मे 2012 रोजीं पाषाण पडले, तेव्हां गांवाचें नांव फारसें न बिघडतां नोंदलें गेलें. रोमन अक्षरांत ‘ट’ आणि ‘त’ एकच, एवढें सोडून.