काच अभंग, चौकट चंचल

जुन्या घरांतील भिंतीवरच्या तसबिरी जरा निरखून पाहाव्यात. पुष्कळदा आजीच्या खांद्याशी कुणा तिसऱ्याच माणसाचा कोट डोकावताना दिसतो. त्या काळची आजी एकटी अशी फोटोला बसलेलीच नसे. ती गेल्यावर लग्नातल्या समूहचित्रातून तिचा चेहरा वेगळा काढून मोठा केला जाई, आणि शेजारच्या व्याह्यांचा खांदा तेवढा चुकून राहून जाई. ते व्याही मग गेले कुठे? कायमचे नाहीसे झाले, की अजून कुठे शिल्लक आहेत? छायाचित्राच्या इतिहासातील एक मोठा प्रश्न या घरगुती कोड्यात दडलेला आहे.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरच्या तंत्राची घोषणा झाली, आणि अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले हौशी. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याचे सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबारी छायाचित्रकार होते लाला दीनदयाळ (१८४४–१९०५). मोठाल्या काचेवर चित्र घ्यायचे आणि काचेएवढाच कागद तिच्यावर दाबून उजेडात छापायचा, ही त्या काळची रीत. कडेचे काही नको असले, तर कात्री चाले ती कागदावर. काचेला कुणी धक्का लावीत नसे. म्हणूनच दीनदयाळांच्या दोन हजारांहून अधिक काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जशाच्या तशा पाहावयास मिळतात.

१९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला. फिल्म बोटाएवढी झाली, चित्र मोठे करून छापणे नित्याचे झाले, आणि त्याबरोबर काटछाटही नित्याची झाली. मासिकाचा संपादक फोटोवर पेन्सिलीने चार रेघा ओढी. ब्लॉकवाला तेवढाच भाग उचली. क्यूबाच्या कोर्दाने १९६० साली टिपलेले चे गव्हेराचे चित्र साऱ्या जगाला ठाऊक आहे, पण मूळ चित्रात एका बाजूला दुसरा एक माणूस आणि दुसऱ्या बाजूला झाडाच्या झावळ्या होत्या, हे फार थोड्यांना माहीत असते. कडा कापल्या आणि माणसाचे प्रतीक झाले! ही जादू खरीच. पण तो दुसरा माणूस कोण, हे विचारायला मूळ फिल्म उरली होती, हेही तितकेच महत्त्वाचे.

आता संगणकाच्या पडद्यावर या. कॅमेऱ्याची रॉ फाइल म्हणजे आजची काच. कॅमेऱ्यातील प्रकाशग्राही पाटीवर लक्षावधी बारीक घरे असतात. बहुतेक कॅमेऱ्यांत प्रत्येक घर तांबडा, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाचा प्रकाश मोजते. कोडॅक कंपनीच्या ब्राइस बेयर यांना या रचनेचे पेटंट १९७६ मध्ये मिळाले. रॉ फाइलमध्ये या मोजमापांची नोंद असते. लाइटरूम (२००७) किंवा डार्कटेबल (२००९) यांसारख्या प्रणालींत आपण क्रॉपची चौकट ओढतो, तेव्हा या मोजमापांतले एकही पुसले जात नाही. प्रणाली फक्त एक चिठ्ठी लिहून ठेवते: डावीकडून किती, वरून किती, उजवीकडे कुठवर, खाली कुठवर, आणि चित्र तिरके असेल तर किती अंशांनी फिरवायचे. संपादकाच्या पेन्सिलीच्या त्याच चार रेघा!

बीडच्या कंकालेश्वराचेच उदाहरण घेऊ. तीन गाभाऱ्यांचे हे प्राचीन देऊळ जलकुंडाच्या मधोमध उभे आहे. समजा, काठावरून घेतलेल्या चित्रात पाण्याची रेघ दोन अंशांनी कलली. चित्र फिरवून ती सरळ केली की चारी कोपऱ्यांना रिकाम्या त्रिकोणी फटी पडतात; त्या वगळण्यासाठी चौकट थोडी आत घ्यावी लागते. पुढे नुसते शिल्प हवे म्हणून रुंदी निम्मी आणि उंचीही निम्मी केली, तर ६००० गुणिले ४००० म्हणजे २ कोटी ४० लाख बिंदूंतून ६० लाखच उरतात. इंचाला ३०० बिंदूंनी छापल्यास वीस इंची चित्र दहा इंची होते. क्रॉपला किंमत पडते ती अशी.

पण याहून मोठी किंमत दुसरीच आहे. पाणी कापले की देऊळ कोरड्या जमिनीवर उभे असल्यासारखे दिसते. १९७२ चा दुष्काळ सोसलेल्या या जिल्ह्यात कुंडातले पाणी कोणत्या साली कोणत्या पायरीपर्यंत होते, ही शिल्पाइतकीच मोलाची साक्ष आहे. जुन्या पुराणवास्तूंच्या चित्रांत देवळाची उंची कळावी म्हणून पुष्कळदा एखादा माणूस उभा केलेला असे. शिल्पांच्या अभ्यासकाला तो नकोसा वाटतो. पण त्याच्या पागोट्यासाठी आणि बाराबंदीसाठी उद्याचा अभ्यासक जीव टाकील. आज काय नको, हे आपण ठरवू शकतो. उद्या काय हवे, हे मात्र आपल्याला ठरवता येत नाही.

तेव्हा चौकट खुशाल ओढावी. नीट ओढलेल्या चौकटीवाचून चित्राला डोळा येत नाही. ध्यानात एवढेच ठेवावे की प्रणालीतून बाहेर काढून नातेवाइकांना धाडलेली जेपेग प्रत खरोखरच कापलेली असते. तिच्यातून व्याही परत येत नाहीत. ते परत येतात ते रॉ फाइलमधून, चिठ्ठीतला आकडा बदलला की. जागा अडते म्हणून ती फाइल पुसणे म्हणजे काच फोडणे. यंदा पाडव्याला साऱ्या घराचे चित्र घ्याल, तेव्हा चौकटीत हवे ते ठेवा. पण कडेला उभ्या असलेल्या, अर्ध्याच आलेल्या, चहाचा ट्रे हातात धरलेल्या सुनेला मूळ फाइलमध्ये जागा राहू द्या. पन्नास वर्षांनी नातवंडे तिलाच शोधतील.