वासुदेव संतू गायतोंडे : अबोल चित्रकार आणि त्यांच्यावरचा लघुपट

गोव्याशी मुळाचे नाते असलेले दोन मोठे चित्रकार १९२४ या एकाच साली जन्मले. एक फ्रान्सिस न्यूटन सूझा, साळगावचे. दुसरे वासुदेव संतू गायतोंडे. त्यांचा जन्म २ नोव्हेंबरला नागपुरात झाला, पण आई-वडील गोव्याचे. दोघेही मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकले. सूझा आयुष्यभर बोलत, लिहीत, भांडत राहिले. गायतोंडे जवळजवळ गप्प राहिले. आपल्या सभासदांना गायतोंडे हे नाव बहुधा लिलावाच्या बातम्यांमुळे माहीत असते. त्या आकड्यांच्या मागचा माणूस ओळखीचा व्हावा, म्हणून ही नोंद.

घडण

गायतोंड्यांचे वाढते वय मुंबईत गिरगावातल्या चाळीत गेले. १९४८ साली त्यांनी जे. जे.ची पदविका घेतली. सूझा, रझा, हुसेन, आरा आदींनी १९४७ साली काढलेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी त्यांचा संबंध थोडा उशिरा, १९५० च्या सुमारास आला. मित्रमंडळींत ते नुसते ‘गाय’ होते.

सुरुवातीच्या त्यांच्या चित्रांत माणसे आहेत. जैन आणि बसोली शैलीच्या लघुचित्रांचा अभ्यास त्यांत दिसतो. पुढे पॉल क्ले या स्विस चित्रकाराची चित्रे पाहून रेषा मोकळी झाली आणि १९५० चे दशक संपता संपता आकृती गेली. मुंबईच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये ते याच काळात काम करीत. त्याच वास्तूत रविशंकर यांची सतार आणि अल्काझींच्या नाटकाच्या तालमी चालत. १९५७ साली तोक्यो येथे तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले.

त्यांची तुलना अमेरिकन चित्रकार मार्क रॉथ्को यांच्याशी नेहमी केली जाते. मात्र आकृती सोडण्याचा निर्णय गायतोंड्यांनी न्यूयॉर्कला जाण्याच्या काही वर्षे आधीच घेतला होता, हे ध्यानात ठेवावे. त्यामागे झेन विचार होता, रमण महर्षी आणि जे. कृष्णमूर्ती यांचे वाचन होते. पुढे मुंबईचे निसर्गदत्त महाराजही आले. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेले त्यांना आवडत नसे. एखादी वस्तू घेऊन ती पुसट करीत जावे, असे ते काम नव्हतेच. तिथे वस्तूपासून सुरुवातच नव्हती.

चित्र कसे होई

कामाचा मोठा भाग बसून राहण्याचा होता. चित्र मनात तयार होईपर्यंत ते थांबत. मग उभ्या कॅनव्हासवर तैलरंगाचे पातळ थर रोलरने द्यायचे, वाळू द्यायचे, सुरीने खरवडायचे, पुन्हा थर द्यायचा. ओल्या रंगावर मासिकांच्या कागदाचे फाटके तुकडे दाबून उचलले की त्यांचे ठसे उरत. ते लिपीसारखे दिसतात, पण वाचता येत नाहीत. वर्षाकाठी पाच-सहा चित्रे झाली तरी पुष्कळ.

बहुतेक चित्रांना नाव नाही. सही दर्शनी बाजूला सहसा नसते. चित्र उलटे केले, तर बऱ्याच कॅनव्हासच्या पाठीवर देवनागरीत सही आणि साल सापडते. समोर रंगाचा अथांग पसारा आणि मागे आपली लिपी, हे पाहून आम्हाला वाटणारी आपुलकी लपवण्याचे कारण नाही.

दिल्ली

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते दिल्लीला गेले आणि निजामुद्दीन पूर्व भागातल्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत राहू लागले. लग्न केले नाही. १९७१ साली पद्मश्री आणि पुढे मध्य प्रदेश शासनाचा कालिदास सन्मान मिळाला, तरी राहणी बदलली नाही. १९८४ साली रिक्षाच्या अपघातात दुखापत झाली आणि मोठे कॅनव्हास काही वर्षे थांबले. त्या काळात त्यांनी कागदावर शाईची छोटी कामे केली. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

लघुपट

गायतोंड्यांच्या मुलाखती मोजक्याच आहेत. १९९१ साली प्रीतीश नंदी यांच्याशी बोलताना त्यांनी सांगितले होते की सारे काही शांततेतून सुरू होते. चित्रकार आधी ती शांतता आत घेतो, मग हात चालतो. अशा माणसावर चित्रपट कसा करायचा? चरित्रपटाला लागणारे घरदार, वाद, प्रवास यांतले इथे फारसे काही नाही, आणि चित्रात बोट ठेवून दाखवावे असेही काही नाही.

सुनील काळदाते यांनी १९९० च्या दशकात हे धाडस केले. साधारण अर्ध्या तासाच्या त्यांच्या लघुपटात गायतोंडे स्वतः दिसतात, बोलतात. सत्तरीच्या आसपासच्या या चित्रकाराचा आवाज पुढच्या पिढ्यांना ऐकू येतो तो मुख्यतः त्यामुळे. लघुपट बघताना गूढ उकलेल अशी अपेक्षा ठेवू नये. माणूस अबोल होता म्हणून आपण त्याला गूढ म्हणतो. त्याच्या लेखी तो फक्त आपले काम करीत होता.

मरणोत्तर कीर्ती

डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीज संस्थेच्या भारतातल्या पहिल्या लिलावात, मुंबईत, त्यांचे १९७९ सालचे एक चित्र २३.७ कोटी रुपयांना गेले. २०१४ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या कामाचे सिंहावलोकन प्रदर्शन भरले. त्यांच्या हयातीत यातले काहीही झाले नव्हते.

चित्रे कुठे पाहावीत

दिल्लीचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला जहांगीर निकल्सन संग्रह येथे त्यांची चित्रे आहेत. सर्व चित्रे कायम मांडलेली नसतात. जाण्याआधी चौकशी करावी. मुलांना घेऊन गेलात तर ‘हे कशाचे चित्र?’ या प्रश्नाचे उत्तर देण्याची घाई करू नका. चित्रासमोर पाच मिनिटे गप्प उभे राहा, मग मुलांनाच विचारा. गायतोंडे आपले, असे म्हणायचे तर त्यांच्या आडनावापेक्षा ही पाच मिनिटे अधिक कामाची.