फ्रँकलिनची शंका



अर्धांगवायूनें लुळ्या पडलेल्या हातांत विजेच्या योगानें पुन्हां चेतना आणतां येईल काय, हा प्रश्न वाटतो तितका नवा नाहीं. १७४५-४६ च्या सुमारास लायडनच्या बरणीचा शोध लागला व वीज सांठविण्याची सोय होतांच ती रोग्यांवर चालविण्याची यूरोपांत झुंबड उडाली. इटली व जर्मनी येथील अद्भुत गुणाच्या वार्ता वृत्तपत्रांत वाचून पेनसिल्व्हानियांतले पक्षाघाती लोक बेंजामिन फ्रँकलिनच्या दारीं येऊं लागले.

फ्रँकलिन कांहीं वैद्य नव्हे. तरी दोन मोठ्या कांचेच्या बरण्या विजेनें भरून त्यांचा एकवटलेला धक्का तो लुळ्या अवयवांतून दिवसांतून तीन वेळां सोडी. पहिल्या दिवशीं ज्याला गुडघ्यावरचा हात उचलवेना, त्यानें दुसऱ्या दिवशीं तो चार-पांच इंच उचलला आणि पांचव्या दिवशीं डोक्यावरची टोपी कशीबशी काढून दाखविली! परंतु सुधारणा तेथेंच थांबे. रोगी हताश होऊन घरीं जात व पुन्हां पूर्ववत् होत. हें सारें त्यानें डिसेंबर १७५७ मध्यें जॉन प्रिंगल यांस पत्रानें कळविलें. दिसला तो गुण विजेचा, कीं रोज आपल्या घरापर्यंत येण्याच्या व्यायामाचा, कीं बरें होण्याच्या आशेचा, हें आपणांस सांगतां येत नाहीं, असें तो म्हणतो. थोड्या जबर धक्क्यांपेक्षां पुष्कळ सौम्य धक्के बरे पडले असते काय, अशीही शंका तो काढतो. मला तर हें पत्र त्याच्या पतंगाहून मोलाचें वाटतें.

पुढें फ्रान्सांत द्युशेननें एकेका स्नायूस वीज लावण्याचें शास्त्र १८५५ सालीं ग्रंथरूपानें मांडलें, व १९६१ मध्यें लिबरसननें चालतांना लोंबणारें पाऊल उचलण्यास तिचा उपयोग केला. फ्रँकलिनच्या शंकेची खरी कसोटी मात्र एप्रिल २०२१ मध्यें 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. अमेरिका व ब्रिटन येथील १०८ रोग्यांच्या छातींत यंत्र बसवून त्याची तार मानेंतील व्हेगस मज्जातंतूस जोडली होती. हाताच्या व्यायामांत प्रत्येक हालचालीबरोबर अर्ध्या सेकंदाचा सौम्य प्रवाह सोडावयाचा. पण ५५ जणांस, त्यांना नकळत, ही वीज दिलीच नाहीं. मेहनत सर्वांची सारखीच. सहा आठवड्यांअंतीं ६६ गुणांच्या परीक्षेंत वीज मिळालेल्यांचे सरासरी ५ गुण वाढले, इतरांचे २.४. त्याच वर्षीं ऑगस्टांत अमेरिकन सरकारनें या उपचारास मान्यता दिली.

वीज न मिळालेल्यांचे ते २.४ गुण म्हणजे फ्रँकलिनच्या घरापर्यंतची पायपीट आणि आशा, वरचे २.६ तेवढे विजेच्या खातीं.