संत गोन्सालो गार्सिया व अंतःकरणाची राखण



ज्युबिलीच्या या मंगल वर्षीं आपल्या देवळास नवा रंग चढला, वेदी शृंगारली गेली. हें उचितच झालें. परंतु ज्या अंतःकरणासाठीं हें देऊळ उभें राहिलें, तें आज कोणत्या स्थितींत आहे, असें स्वतःस विचारण्याचीही हीच वेळ होय. त्यासाठीं आम्ही आपणांपुढें वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचें चरित्र ठेवीत आहों.

सुमारें १५५६ सालीं त्यांचा जन्म वसईस झाला. पिता पोर्तुगीज, माता या भूमीची. येशूसंघाच्या पाद्रींजवळ शिकून ते कोवळ्या वयांतच त्यांच्यासमवेत जपानास गेले. तेथील भाषा आत्मसात करून त्यांनीं कित्येक वर्षें धर्मोपदेशकाचें काम केलें. त्या संघांत आपणांस घ्यावें, ही त्यांची मनीषा होती. ती पुरी झाली नाहीं. अशा निराशेनें पुष्कळांचें मन कडू होतें, व देवाधर्माशींच तीं माणसें अबोला धरितात. गोन्सालोंनीं आपल्या मनांत ती कडवटपणाची मुळी रुजूं दिली नाहीं.

पुढें त्यांनीं व्यापार आरंभिला आणि त्यांत त्यांची भरभराट झाली. धन हातीं आलें, तरी हृदय धनाच्या हातीं गेलें नाहीं. मनिला येथें सर्व सोडून ते फ्रान्सिस्कन संघांत शिरले, तेही पाद्री म्हणून नव्हे, तर साधे संघबंधु म्हणून. फादर पेद्रो बाप्तिस्ता यांजबरोबर ते पुनः जपानास गेले, व १५९३ सालीं तेथील सर्वाधिकारी हिदेयोशी याच्यापुढें दुभाषी म्हणून उभे राहिले. दरबारीं मान मिळाला. पण क्योतो येथें त्यांच्या संघानें सेवा मांडली ती कुष्ठरोग्यांची.

१५९६ च्या आक्टोबरांत सान फेलिपे हें स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यास लागून फुटलें. धर्मप्रसारकांमागून सैन्य येतें, असा संशय हिदेयोशीच्या मनांत बळावला, व डिसेंबरांत धरपकड झाली. जानेवारींत बंदिवानांच्या डाव्या कानांचा भाग कापून त्यांस गांवोगांव फिरविलें, आणि ऐन हिंवाळ्यांत नागासाकीपर्यंत सुमारें महिन्याची वाट चालविली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं २६ जणांस क्रुसांवर चढवून भाल्यांनीं विंधिलें. त्यांत बारा वर्षांचा लुईस इबाराकी होता, आणि चाळिशीचे आमचे गोन्सालोही होते. ८ जून १८६२ रोजीं नववे पायस पोप यांनीं या सर्वांस संतपद दिलें.

बंधुभगिनींनो, क्रुसावरील तें धैर्य त्या एका सकाळीं उत्पन्न झालें नव्हतें. निराशेच्या दिवशीं, नफ्याच्या दिवशीं व मानाच्या दिवशीं ज्यांनीं अंतःकरणाचें दार राखिलें, त्यांसच भाल्यापुढें तें राखितां आलें.

आम्हांपुढें आज कोणी भाला धरीत नाहीं. आमची परीक्षा वाडीच्या बांधावर होते, जमिनीच्या वांटणींत होते, तराजूच्या पारड्यांत होते. संतांच्या सणास एकाच मिरवणुकींत चालणारे, पण वर्षानुवर्षें एकमेकांचा उंबरठा न चढलेले सख्खे भाऊ आम्हीं पाहिले आहेत. त्यांस समजाविण्यास आम्ही पाद्रीही पुष्कळदां उशिरा गेलों, हा दोष आमच्या पदरीं आहे.

म्हणून आमची एकच विनवणी आहे. ज्युबिलीच्या मिस्सेपूर्वीं प्रत्येकानें रात्रीं घटकाभर आपल्या अंतःकरणाचा झाडा घ्यावा, मनापासून पापनिवेदन करावें, आणि ज्याच्याशीं बोलणें तुटलें असेल त्याच्या दारीं आपण होऊन जावें. देवळाचा रंग कांहीं पावसाळ्यांनीं उडेल. असा जोडलेला भाऊ टिकेल.

संत गोन्सालो आपणां सर्वांसाठीं विनंती करोत, आणि प्रभूचा आशीर्वाद आपल्या घरादारावर राहो.