पाऊस, वेळ आणि अ‍ॅशेस

क्रिकेटच्या इतिहासलेखनात पावसाला बहुधा तळटिपेपुरतीच जागा मिळते. ‘पावसामुळे खेळ होऊ शकला नाही’ एवढ्या एका वाक्यात त्याची बोळवण होते. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील १९३६-३७ची अ‍ॅशेस मालिका मात्र पावसाला मध्यवर्ती पात्र मानल्याखेरीज समजत नाही, असे आम्हांस वाटते. पहिले दोन सामने हरल्यानंतर पाच सामन्यांची मालिका जिंकल्याचे कसोटी क्रिकेटमधील ते आजवरचे एकमेव उदाहरण आहे. त्याचे सारे श्रेय डॉन ब्रॅडमन यांच्या नावे जमा आहे. हा हिशेब थोडा तपासून पाहावयास हवा.

त्या काळच्या दोन गोष्टी आरंभीच ध्यानात घेतल्या पाहिजेत. सामना सुरू झाल्यावर खेळपट्टी पावसात उघडीच राहत असे आणि ऑस्ट्रेलियातील कसोटीला दिवसांची मर्यादा नसे. निकाल लागेपर्यंत खेळ चाले. म्हणजे पाऊस सामना अनिर्णित ठेवू शकत नव्हता, तो त्याचे स्वरूप तेवढे पालटू शकत होता. भिजलेली खेळपट्टी उन्हाने वाळू लागली की एक चेंडू छातीपर्यंत उसळे, तर दुसरा घोट्याशी सरपटत जाई. अशा वेळी फलंदाजी कोणाच्या वाट्याला येते, यावर सारे काही अवलंबून असे.

ब्रिस्बेनच्या पहिल्या कसोटीत ती ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला आली. अखेरच्या डावात त्यांचा संघ ५८ धावांत संपला आणि इंग्लंडने ३२२ धावांनी सामना जिंकला. सिडनीत इंग्लंडने ६ बाद ४२६ धावांचा डोंगर उभारला. त्यांत वॉली हॅमंड यांच्या नाबाद २३१ होत्या. मग पाऊस आला. इंग्लंडचे कर्णधार गबी अ‍ॅलन यांनी डाव घोषित केला आणि ऑस्ट्रेलियाचा पहिला डाव ८० धावांत गडगडला. कर्णधार म्हणून पहिलीच मालिका खेळणारे ब्रॅडमन लागोपाठ दोन डावांत शून्यावर बाद झाले होते. दोन्ही सामन्यांत नाणेफेक अ‍ॅलन यांनी जिंकली होती.

१९३७च्या नववर्षदिनी मेलबर्नची तिसरी कसोटी सुरू झाली. या वेळी नाणेफेक ब्रॅडमन यांनी जिंकली. दुसऱ्या दिवशी पाऊस झाला. खेळपट्टी बिघडलेली पाहून त्यांनी ९ बाद २०० वर डाव सोडला. इंग्लंडचे फलंदाज त्या चिकट खेळपट्टीवर एकामागून एक कोसळू लागले. त्या क्षणी अ‍ॅलन यांनी लगेच डाव सोडला असता, तर ऑस्ट्रेलियाला त्याच खेळपट्टीवर उतरावे लागले असते. त्यांनी तो सोडला ९ बाद ७६ वर, दिवस मावळता मावळता. उरलेल्या थोड्या वेळासाठी ब्रॅडमन यांनी फलंदाजीचा क्रमच उलटा केला. बिल ओ’रायली आणि चक फ्लीटवुड-स्मिथ हे तळाचे दोघे गोलंदाज सलामीला धाडले. पुढचा दिवस रविवार, म्हणजे विश्रांतीचा. खेळपट्टीला सावरण्यास तेवढा अवधी मिळाला. सोमवारी पाच बाद ९७ अशा अवस्थेत सातव्या क्रमांकावर आलेले ब्रॅडमन आणि जॅक फिंगल्टन यांनी ३४६ धावांची भागी केली. ब्रॅडमन २७०, फिंगल्टन १३६. सामना ३६५ धावांनी ऑस्ट्रेलियाचा झाला. पुढे अ‍ॅडलेडला ब्रॅडमन यांनी २१२ आणि पुन्हा मेलबर्नला १६९ धावा केल्या आणि मालिका ३-२ अशी ऑस्ट्रेलियाकडे गेली.

या कथेच्या प्रचलित मांडणीत एक विसंगती आहे. पहिल्या दोन पराभवांचे कारण पाऊस आणि तिसऱ्या विजयाचे कारण ब्रॅडमन, असे सांगितले जाते. वस्तुतः तिन्ही सामन्यांत पाऊस होता. पराभवात त्याला दैव म्हणायचे आणि विजयात त्याचे नावच गाळायचे, ही विजेत्यांची जुनी लेखनपद्धती आहे. मेलबर्नच्या शनिवारी दोन्ही कर्णधारांपुढे एकच आकाश होते. एकाने ते वेळीच वाचले, दुसऱ्याने उशिरा. त्यामुळे ब्रॅडमन यांचे कर्तृत्व उणे होत नाही, उलट नेमके दिसते. पुढे फलंदाजीत त्यांनी जे केले ते अद्वितीय खरेच, परंतु डाव सोडण्याची घटका ओळखणे हाही तितकाच मोठा पराक्रम होता.

इंग्लंडमध्ये त्या काळीही कसोटीला दिवसांची मर्यादा होती. म्हणूनच १९३८ मध्ये मँचेस्टरची अ‍ॅशेस कसोटी एकही चेंडू न पडता वाहून गेली. त्याच मैदानावर २०२३ मध्ये, ०-२ अशा पिछाडीवरून एक सामना जिंकलेल्या इंग्लंडने ५९२ धावा केल्या. दुसऱ्या डावात ऑस्ट्रेलिया ५ बाद २१४ वर, अजून ६१ धावांनी मागे होता. पाचव्या दिवशी पावसाने एक चेंडूही पडू दिला नाही. ओव्हलची शेवटची कसोटी इंग्लंडने जिंकली. मालिका २-२ अशी सुटली आणि अ‍ॅशेस ऑस्ट्रेलियाकडेच राहिल्या. शह्याऐंशी वर्षांपूर्वीच्या पराक्रमाची पुनरावृत्ती हुकली.

खेळपट्टी झाकण्याची प्रथा न्यायबुद्धीतूनच आली. नाणेफेक आणि ढग यांनी सामना ठरवू नये, हा हेतू योग्यच होता. परंतु आच्छादनाखालच्या खेळपट्टीला आणि मोजक्या पाच दिवसांना पाऊस आता वेगळ्या प्रकारे ग्रासतो. पूर्वी तो फलंदाजाला बाद करी, कर्णधाराची परीक्षा घेई. त्याच्याशी खेळता येत असे. मँचेस्टरच्या त्या रविवारी दोन्ही संघांना करण्यासारखे काहीच नव्हते. पावसाचा अन्याय आम्ही दूर केला असे म्हणताना, त्याला उत्तर देण्याची संधीही आम्ही गमावली, हे नोंदवून ठेवावे लागेल.